प्रेक्षक कुठल्या घरचा?

कार्तिक लागला की सावंतवाडीच्या आसपासच्या गावांत जत्रांचा हंगाम उघडतो. संध्याकाळपासून माहेरवाशिणी देवीची ओटी भरायला रांगेत उभ्या राहतात, खाजाच्या दुकानांपुढे पोरे घुटमळतात, पालखीची प्रदक्षिणा होते. मध्यरात्रीच्या सुमारास देवळासमोर एक बाकडे येऊन पडते, मृदंगावर थाप बसते, पेटीचा सूर निघतो. दशावतार सुरू होतो: गणपती, ऋद्धिसिद्धी, संकासुर, मग रात्रीचे आख्यान आणि उजाडताना दहीकाला, म्हणजे इथल्या भाषेत धयकालो. समोर पाचशे माणसे असोत की पाच हजार, तिकीट कोणालाच नाही. खुर्चीला नंबर नाही, नोंदवही नाही. तरी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारले, तर तो अर्ध्या मंडपाची ओळख सांगेल: ती अमक्याची पुतणी, बांद्याला दिलेली, तो टोपीवाला मुंबईहून आजच उतरला, हे मागे उभे आहेत ते पलीकडच्या वाडीतले.

गेल्या पन्नासेक वर्षांत जगातल्या कलासंस्थांनी नेमकी हीच ओळख आकड्यांत बसवण्याचा खटाटोप केला आहे. घर कुठे आहे, त्यात माणसे किती, कर्ता काय शिकला, दारात गाडी आहे का, यावरून त्या घरातले लोक नाटकाला जातील, गाण्याला जातील की कुठेच जाणार नाहीत, याचा अंदाज बांधायचा आणि जाहिरात नेमकी त्याच दारात टाकायची. कुटुंबनिहाय गटवारी म्हणा हवे तर. ऑनलाइन बुकिंग आल्यापासून मराठी नाटकालाही ही भाषा परकी राहिलेली नाही. प्रश्न एवढाच की सावंतवाडीसारख्या ठिकाणी ही चाळणी लावली, तर तिच्यात काय राहते आणि काय गळते.

चाळणीचे मूळ करमणुकीत नाही. 1970 च्या दशकात रिचर्ड वेबर हे ब्रिटिश संशोधक लिव्हरपूलमधल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करत होते. जनगणनेचे आकडे घेऊन एकसारख्या वस्त्यांचे गट पाडले, तर कुठल्या वस्तीला कसली मदत हवी ते कळेल, असा विचार. त्याच कामातून पुढे ‘एकॉर्न’ ही बाजारासाठीची गटवारी निघाली. अमेरिकेत त्याच दशकात जोनाथन रॉबिन यांनी ‘प्रिझम’ तयार केली. तिच्यात देशभरच्या वस्त्या 40 गटांत बसवल्या होत्या. गरीब शोधायला काढलेली चाळणी अशी गिऱ्हाईक शोधायला वापरात आली.

कलासंस्था तिच्याकडे वळल्या त्याला कारण होते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 च्या ग्रंथात अमेरिकेतल्या नाटक-संगीताच्या प्रेक्षकांची पाहणी मांडली होती. कला कुठलीही असो, समोर बसलेली माणसे बहुतेक एकाच थरातली निघाली: खूप शिकलेली, बऱ्या नोकरीतली. सरकारी अनुदान सगळ्यांच्या कराचे आणि प्रेक्षागृहात मूठभर, ही टोचणी तेव्हापासूनची. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने 2008 मध्ये तिथल्या प्रौढांचे 13 गट पाडले. त्यांना नावे मोठी मजेदार दिली होती. एका गटाचे नाव ‘जेवण आणि प्रयोग’ अशा अर्थाचे, दुसऱ्याचे ‘वेळ नसलेले स्वप्नाळू’ अशा अर्थाचे. पुढे 2013 मध्ये ‘ऑडियन्स एजन्सी’ या संस्थेने ‘ऑडियन्स स्पेक्ट्रम’ काढले. त्यात 10 गट. ब्रिटनमधले कुठलेही घर घ्या, ते या दहांपैकी एकात बसतेच.

दहा रंग सावंतवाडीला नवे नाहीत. इथल्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा, जोड 120 गोल पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने. फरक असा की गंजिफाचे पान ज्या रंगाचे रंगवले त्याच रंगाचे राहते. माणूस राहत नाही.

भारतात अशी मोजपट्टी आधी साबण-टूथपेस्टसाठी आली. बाजारपाहणी करणाऱ्यांनी 1980 च्या दशकात घरातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि व्यवसाय पाहून शहरी घरांना अ ते ई अशा पायऱ्या दिल्या. खेड्यात शिक्षणाबरोबर घर पक्के की कच्चे ते पाहिले जाई. 2011 मध्ये शहर आणि खेडे दोन्हींसाठी एकच नवी पद्धत आली. तिच्यात कमावत्याचे शिक्षण आणि घरातल्या 11 गोष्टी मोजतात: वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. टीव्हीच्या प्रेक्षकमोजणीतही हीच पद्धत रुजली.

आता ही पट्टी घेऊन सावंतवाडीजवळच्या एखाद्या वाडीत शिरावे. मांगरासमोरच्या अंगणात एक म्हातारी नारळ सोलत बसली आहे. शेतजमीन आहे का? आहे, पण सातबाऱ्यावर सतरा नावे आणि त्यातली बारा मुंबईत. फ्रिज आहे, तो थोरल्याने पाठवला. मोटार? मे महिन्यात आणि चतुर्थीला दारात उभी असते. मुख्य कमावता कोण? पैसे पाठवणारा मुलगा डोंबिवलीत राहतो. त्याला या घरचा धरला नाही तर त्याचे शिक्षण हिशेबातून गळते, त्याने घेतलेल्या वस्तू मात्र मोजल्या जातात. घराला कागदावर पायरी मिळते, ती कोणाची हे सांगता येत नाही. आणि म्हातारी? तिने बाबी नालंग आणि बाबी कलिंगण या दशावतारी नटांची नाटके रात्रभर जागून पाहिलेली असतात, एखाद्या नटाचा राजपार्ट कुठल्या पदाला घसरला तेही ती सांगू शकते. अकरा वस्तूंच्या यादीत हे कुठे लिहायचे?

अलीकडे बाजारपाहणीवाल्यांनी वस्तू मोजणे सोडून घरातल्या सर्वाधिक शिकलेल्या पुरुषाबरोबर सर्वाधिक शिकलेल्या बाईचे शिक्षणही धरायला सुरुवात केली आहे. कोकणापुरते बोलायचे तर ही सुधारणा आधीच व्हायला हवी होती. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या. त्याआधी, 2001 मध्ये, 1,079. जिल्ह्याची लोकसंख्या या दहा वर्षांत 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. पुरुष कामाला बाहेर, घर बायकांच्या हाती, आणि माणसे एकूणच कमी होत चाललेली. इथे कर्ता पुरुष पाहून घराची आवड ठरवणे म्हणजे नाटकाला न आलेल्या माणसाची मुलाखत घेणे.

पत्त्याचीही गंमत आहे. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरे येतात. म्हणून तिथे पोस्टकोडावरून गल्लीचा स्वभाव सांगता येतो. भारतात सुमारे 19 हजार पिनकोड आणि 140 कोटींवर माणसे, म्हणजे एका पिनकोडात सरासरी सत्तर हजारांहून अधिक. सावंतवाडीचा 416510 घेतला, तर त्याच सहा आकड्यांत मोती तलावाकाठचा वकील येतो, चितार आळीतला लाकडी खेळणी घडवणारा येतो आणि शहराबाहेरच्या वाडीतला काजूवालाही येतो. पिनकोडावरून इथे जाहिरात ‘नेमकी’ टाकणे म्हणजे तलावात मूठभर कुरमुरे फेकण्यासारखे. टपाल खात्याने 2025 मध्ये ‘डिजिपिन’ काढला. साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र खूण. म्हणजे उद्या घर सापडेल. घरातला माणूस त्या दिवशी कुठे असेल, हा कोकणातला खरा प्रश्न तरीही उरतोच.

कारण इथले घर दोन ठिकाणी असते. चाकरमानी हा शब्दच त्या दोन टोकांना बांधणारा आहे. मालवणी नाटकाचा इतिहास हा या दुसऱ्या टोकाच्या घराचा इतिहास आहे. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणले. त्या वेळी कोणी कुटुंबनिहाय गटवारी मांडली असती, तर निष्कर्ष साधा निघाला असता: परळ-लालबागच्या चाळी, गिरणीकामगार, मूळ गाव तळकोकण, भाषा मालवणी, एवढ्यांसाठीच हे नाटक. सुरुवातीला नाटकाची अवस्था बेताचीच होती. मग पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून कौतुकाचे पत्र लिहिले, ते पत्र जाहिरातीत गेले, आणि मालवणीचा गंध नसलेले प्रेक्षकही रांगेत उभे राहिले. प्रयोगांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. गटवारीला आधीचा प्रेक्षक दिसतो. नवा प्रेक्षक तयार होत असतो तेव्हा तिच्याजवळ त्याची नोंदच नसते, आणि निर्मात्याला पैसा मिळतो तो बऱ्याचदा त्याच्याकडूनच.

त्याच चाळींचे पुढे काय झाले, हे मात्र गटवारीने नीट सांगितले असते. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरणगाव रिकामे होत गेले, कोकणी कुटुंबे दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली. मालवणी आणि कामगार रंगभूमीचे हक्काचे ठिकाण असलेले परळचे दामोदर नाट्यगृहही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. प्रेक्षक होता, पण लोकलने तासाभराच्या अंतरावर गेलेला. रात्री साडेआठचा प्रयोग संपवून त्याला शेवटची गाडी गाठायची आहे, हे ज्या निर्मात्याने ओळखले त्याने प्रयोग उपनगरांत नेले. इथे पत्ता, कुटुंबातली माणसे आणि प्रवासाचा वेळ एवढ्या तीन गोष्टी कागदावर मांडणे खरोखर उपयोगाचे आहे. चाळणी वाईट नाही, ती कुठे धरायची ते कळायला हवे.

दशावताराच्या बाबतीत कंपनीचे मालक हे कधीचे ओळखून आहेत. पूर्वी नट डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव चालत जात. आता टेम्पो आहे. पण कुठल्या गावाला कुठली कंपनी, ही परंपरा बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. संवाद पाठ नसतात, आख्यान तेवढे ठरते. त्यामुळे समोर कोण बसले आहे ते पाहून नट बोलणे वळवतो. पुढे बायका जास्त असतील तर स्त्रीपार्टीचा विलाप लांबतो, मागे तरुण पोरे शिट्ट्या मारू लागली की तलवारी लवकर निघतात. ट्रिकसीनचे दशावतार निघाले आणि निरनिराळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एकत्र येऊन संयुक्त दशावतार करू लागले, तेही नव्या प्रेक्षकाचा अंदाज घेऊनच. याला पाहणी म्हणत नाहीत एवढेच. आणि पैसे देणारा इथे प्रेक्षक नसतोच. देवस्थान, मानकरी, नवस फेडणारा, एखादे मंडळ असे कोणीतरी कंपनीची बिदागी देते. इंग्लंडच्या पद्धतीत तिकीट घेणारा आणि बघणारा एकच धरलेला असतो. जत्रेत तो हिशेब पहिल्याच पायरीवर घसरतो. शहरातही फारसा टिकत नाही म्हणा: एका भाच्याच्या मोबाईलवरून सात तिकिटे निघतात, ॲपच्या लेखी प्रेक्षक एक, वय पंचवीस, आवड कौटुंबिक नाटक, प्रत्यक्षात त्या रांगेत तीन आत्या, दोन काका आणि एक पेंगणारे मूल बसलेले असते, आणि भाचा बाहेर कॉफी घेत असतो.

सरकारी पाहण्यांत कलेला जागा आहे, पण ती कशी ते पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या घरखर्चाच्या प्रश्नावलीत ‘सिनेमा, नाटक’ ही एक ओळ होती आणि ‘मेळा, जत्रा, सहल’ ही दुसरी. सावंतवाडीचा माणूस जत्रेत रात्रभर नाटक पाहतो आणि त्याचा खर्च खाजे, चहा, पोरांचा फुगा असा होतो. म्हणजे ‘नाटक’ या ओळीत शून्य. आकडेवारीवरून पाहणाऱ्याला वाटेल, या लोकांना नाटकाची आवडच नाही.

समाजशास्त्रज्ञांनाही हा पेच पडला आहे. पियेर बूर्दिय यांनी 1979 च्या ग्रंथात फ्रान्सपुरते दाखवले की अभिरुची ही घराण्यातून आणि शिक्षणातून येते, वरच्या वर्गाची वेगळी, खालच्याची वेगळी. 1996 मध्ये अमेरिकेत रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांना दुसरेच आढळले: वरच्या थरातली माणसे आता सगळेच चाखतात, ऑपेराही आणि लोकगीतेही. सिंधुदुर्गात सगळे चाखायला वरचा थर लागत नाही. एकच माणूस डबलबारी भजनाच्या सामन्याला जातो, राज्य नाट्य स्पर्धेतले नाटक बघतो, कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठानच्या नाट्यगृहात प्रायोगिक प्रयोगाला बसतो आणि जत्रेत संकासुराला हसतो. त्याला एका गटात टाकायचे तर कुठल्या?

म्हणून घराऐवजी प्रसंग मोजावा, असे म्हणणारा एक पक्ष आहे. ‘मॉरिस हारग्रीव्ह्ज मॅकइंटायर’ या ब्रिटिश सल्लागार संस्थेने तर घर-पत्ता बाजूला ठेवून माणूस कलेकडे कशासाठी येतो, यावरून आठ गट केले: कोणी मन शांत करायला, कोणी मुलांना काही दाखवायला, कोणी चारचौघांत मिसळायला. कोकणात याहून सोपी खूण हाताशी आहे, ती म्हणजे तारीख. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. लाखो माणसे कुठून, कधी, किती दिवसांसाठी येतात याची त्या गाड्यांच्या आरक्षणांइतकी अचूक नोंद कुठल्याच कलासंस्थेकडे नाही. दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ हा चित्रपट 12 सप्टेंबर 2025 ला लागला, अनंत चतुर्दशी होऊन आठवडाही झाला नव्हता. गावाहून परतलेल्या चाकरमान्याच्या अंगाला अजून धुपाचा वास होता. चित्रपट चालला, त्याला कारणे अनेक. पण तारखेचा वाटा नाकारणे अवघड आहे.

आता एक नवा प्रेक्षक या सगळ्यात शिरला आहे: पर्यटक. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला, 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी 2023 पासून गोव्याच्या मोपाला विमाने उतरू लागली. ते तर सावंतवाडीच्या उंबऱ्यावरच. राजवाड्यात गंजिफा रंगवण्याची कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जगवली. तिचे गिऱ्हाईक आज मुख्यतः बाहेरचे. या गिऱ्हाइकाची गटवारी करणे सोपे असते आणि त्याच्या खिशात पैसेही असतात. धोका तिथेच आहे. आकड्यांच्या मागे गेलेली संस्था हळूहळू त्याच्यासाठीच बोलू लागते. रात्रभराचे आख्यान पाऊण तासाचे होते, संकासुराची मालवणी पातळ होते.

दुसरा धोका आडनावाचा. वेबर यांनी पुढे नावांवरून माणसाचे मूळ ओळखण्याची पद्धतही काढली. कोकणात त्यासाठी संगणकही लागत नाही: आडनाव ऐकले की गाव कळते, गाव कळले की वाडी, आणि वाडी कळली की जात. बुकिंगच्या यादीतून असे गट पाडणे कोणालाही जमेल. अमक्या आडनावांना संगीत नाटकाचे निमंत्रण, तमक्यांना नाही, हा भेद कोणी मुद्दाम न करताही यंत्र करून मोकळे होईल. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची अट घातली आहे. पण देवळाच्या मंडपात कोण कुठे बसतो याचे जे जुने हिशेब होते, ते नव्या यादीत चोरपावलांनी परत येणार नाहीत, हे कायदा एकटा पाहू शकत नाही.

मग सावंतवाडीतल्या, कुडाळ-मालवणातल्या संस्थांनी काय करावे? ब्रिटनचे दहा गट विकत घेऊ नयेत, हे नक्की. इथल्या घराला ते बसत नाहीत आणि त्यांची किंमतही झेपणारी नाही. काहीच न मोजणे हाही मार्ग नव्हे; जिल्ह्यातली माणसे कमी होत असताना आपल्या प्रयोगाला कोण येत नाही, हे माहीत नसणे परवडणारे नाही. तिकीटखिडकीवर, वाचनालयाच्या दारात, जत्रेतल्या मंडळाच्या टेबलावर एक वही ठेवावी. नाव नको, आडनाव तर नकोच, फोन नको. तीनच प्रश्न: आज कुठून आलात, कोणाबरोबर आलात, आणि तुमच्या घरचे कोण यायचे राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कामाचे निघेल: सासू, कारण रात्रीची एसटी नाही, मुलगी, कारण दहावी, नवरा, कारण पुण्याला. एसटीची वेळ, प्रयोगाचा दिवस, दुपारचा एक खेळ, असे बदल त्यातूनच सुचतील, आणि ते करायला कोणाचा पिनकोड लागणार नाही.

जत्रा कार्तिकात सुरू होतात. एक दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेले पेन एवढी तयारी तोवर होऊ शकते.